लिनक्सवर वाय-फाय दिसत नाही? नेटवर्क ड्रायव्हर बसवण्याची पायरी-पायरीची माहिती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी लॅपटॉप अजून ठणठणीत आहेत. अशा लॅपटॉपवर उबुंटू, लिनक्स मिंट किंवा डेबियन टाकणं हा बिनखर्चाचा मार्ग आहे. पण लिनक्स बसतं, स्क्रीन झकास दिसते, आवाज येतो आणि वाय-फायची यादी मात्र रिकामी. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. इथेच बरेच नवखे अडतात. मग कुणीतरी म्हणतं ‘कार्ड गेलंय’, कुणी म्हणतं ‘लिनक्स आपल्यासाठी नाही’, आणि चालता लॅपटॉप कपाटात जातो. मुलांचे फॉर्म भरायचे, ऑनलाइन वर्ग करायचे म्हणजे पुन्हा नव्या मशीनचा खर्च.

खरं तर अशा वेळी कार्ड बहुतेकदा धडधाकट असतं. ड्रायव्हरही पुष्कळदा लिनक्समध्ये आधीच असतो. कमी असते ती एखादी छोटी फाईल. म्हणून या लेखाचं सांगणं एवढंच: आधी चिप ओळखा, मग ड्रायव्हर शोधा. लॅपटॉपच्या झाकणावरच्या कंपनीचं नाव इथे उपयोगाचं नाही.

सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत ही मदत बहुधा फोनवरून होते. मुलगा पुण्यात, आई-वडील निपाणीत. भाचा इंदूरला, मामा बिदरला. म्हणून ही माहिती लॅपटॉपसमोर बसलेल्यासाठी आहे, तशीच फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्यासाठीही.

कमांड कशा वाचायच्या?

खाली कमांड देवनागरीत, फोनवर सांगतो तशा अक्षर-अक्षर दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. ‘स्पेस’ म्हटलं तिथे एक जागा सोडा, ‘डॅश’ म्हटलं तिथे छोटी आडवी रेघ द्या. शेवटी एंटर दाबा. टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडण्यासाठी उबुंटू आणि मिंटमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणं एकत्र दाबा.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर: फरक काय?

ड्रायव्हर म्हणजे लिनक्स आणि चिप यांच्यातला दुभाषा. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याच्यासोबतच हजारो उपकरणांचे ड्रायव्हर येतात. विंडोजसारखं प्रत्येक कंपनीच्या साइटवर जाऊन सेटअप फाईल उतरवायची इथे सहसा गरज नसते. आणि विंडोजची ‘ईएक्सई’ फाईल लिनक्सवर ड्रायव्हर म्हणून चालतही नाही.

फर्मवेअर ही वेगळी गोष्ट. तो चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. लॅपटॉप सुरू होताना ड्रायव्हर ती फाईल चिपमध्ये भरतो, तेव्हा चिप कामाला लागते. ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर नाही, म्हणजे ड्रायव्हर गाडीत बसलाय पण टाकीत पेट्रोल नाही.

फर्मवेअर मागे का राहतं? कारण ते चिप कंपनीच्या मालकीचं असतं आणि ते वाटायची परवानगी कंपनीच्या अटींवर ठरते. डेबियनने बरीच वर्षं असं फर्मवेअर आपल्या मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवलं होतं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. त्यामुळे पेन ड्राइव्हवर जुनं डेबियन असेल, तर नवं घेतल्यानेच काम होऊ शकतं.

पायरी १: आधी तात्पुरतं इंटरनेट आणा

ही पायरी झाली की बाकीचं सोपं. दोन मार्ग आहेत.

पहिला, राउटरची वायर. लॅपटॉपला लॅनचं भोक असेल तर केबल सरळ लावा. वायरचं नेटवर्क लिनक्सवर बहुतेक ठिकाणी लगेच चालतं.

दुसरा, अँड्रॉइड फोन. चार्जिंगची केबल फोनला आणि लॅपटॉपला लावा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टिथरिंग या भागात जा आणि ‘यूएसबी टिथरिंग’ चालू करा. केबल लावल्याशिवाय हा पर्याय दाबता येत नाही. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. पर्याय उजळला नाही तर केबल बदलून बघा. लिनक्सला यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. काही सेकंदांत वरच्या किंवा खालच्या पट्टीत वायरच्या जोडणीची खूण दिसते.

एक फायद्याची गोष्ट: फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर टिथरिंगमधून तेच वाय-फाय लॅपटॉपला मिळतं. मोबाइलचा डेटा संपत नाही.

पायरी २: वाय-फाय बंद तर केलेलं नाही ना?

ड्रायव्हर शोधण्याआधी हे बघा. काही लॅपटॉपला कडेला वाय-फायची सरकती कळ असते, काहींना कीबोर्डच्या वरच्या ओळीत अँटेनाचं चित्र असलेलं बटण. मग टर्मिनलमध्ये लिहा: आर एफ के आय एल एल, स्पेस, एल आय एस टी.

समोर ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ आणि ‘हार्ड ब्लॉक्ड’ अशा ओळी येतात. ‘हार्ड’समोर ‘यस’ असेल तर कळ किंवा बटण बंद आहे. ते हातानेच चालू करावं लागतं. ‘सॉफ्ट’समोर ‘यस’ असेल तर लिहा: आर एफ के आय एल एल, स्पेस, यू एन बी एल ओ सी के, स्पेस, ए एल एल.

लॅपटॉपवर विंडोजही ठेवलं असेल तर आणखी एक कारण संभवतं. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर मशीन पूर्ण बंद होत नाही आणि काही कार्डं लिनक्सला नीट सापडत नाहीत. विंडोजमध्ये जाऊन ते बंद करा.

पायरी ३: चिप ओळखा

लॅपटॉपच्या आतल्या कार्डासाठी लिहा: एल एस पी सी आय, स्पेस, डॅश, एन एन के. यूएसबीला लावायच्या छोट्या वाय-फाय अडॅप्टरसाठी लिहा: एल एस यू एस बी.

पहिल्या कमांडनंतर बरीच यादी येते. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ हे शब्द असलेली ओळ शोधा, ते वाय-फाय. ‘इथरनेट कंट्रोलर’ म्हणजे वायरचं कार्ड. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या असतात, मध्ये दोन टिंबं. पहिली जोडी कंपनीची, दुसरी चिपची. हा झाला चिपचा आयडी. कागदावर लिहून ठेवा किंवा फोटो काढा. पुढची सगळी शोधाशोध याच क्रमांकावर चालते.

त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का बघा.

• ओळ आहे, तरी वाय-फाय नाही: ड्रायव्हर लागलाय. फर्मवेअर कमी असेल किंवा पायरी २ मधला अडथळा असेल.

• ही ओळ नाही, पण ‘कर्नल मॉड्यूल्स’ अशी ओळ आहे: ड्रायव्हर मशीनमध्ये आहे, पण चालू झालेला नाही.

• दोन्ही ओळी नाहीत: या कर्नलकडे या चिपचा ड्रायव्हर नाही. नवा कर्नल किंवा वेगळा ड्रायव्हर लागेल.

• कार्डच यादीत नाही: मशीनच्या बायोसमध्ये वाय-फाय बंद आहे का, कार्ड सैल आहे का, हे बघावं लागेल. हार्डवेअरचा संशय घ्यायची खरी वेळ ही.

फर्मवेअरची खात्री करायची तर लिहा: एस यू डी ओ, स्पेस, डी एम ई एस जी. पासवर्ड विचारेल. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर पुष्कळदा काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. नवखे इथे घाबरतात. कीबोर्ड बिघडलेला नाही, तसंच लिहून एंटर दाबा. आलेल्या मजकुरात कंट्रोल, शिफ्ट आणि एफ दाबून ‘फर्मवेअर’ हा शब्द इंग्रजीत शोधा. त्याच ओळीत ‘फेल्ड’ दिसलं तर कारण सापडलं. कोणती फाईल हवी तिचं नावही बहुतेकदा तिथेच असतं.

पायरी ४: कंपनीप्रमाणे उपाय

इंटेल (आयडीची सुरुवात ८०८६). ड्रायव्हरचं नाव ‘आयडब्ल्यूएलवायफाय’. तो कर्नलमध्येच असतो. मात्र चिप जितकी नवी, तितका कर्नल नवा लागतो. उदाहरणार्थ, एएक्स२०० या वाय-फाय ६ च्या चिपला ५.१ किंवा त्यापुढचा कर्नल हवा. तुमचा कर्नल कोणता हे पाहायला लिहा: यू एन ए एम ई, स्पेस, डॅश, आर.

अथेरॉस, म्हणजे क्वालकॉम (१६८सी). जुन्या लॅपटॉपमधल्या या चिप लिनक्सला सोयीच्या. ‘एटीएच९के’ ड्रायव्हरवर चालणाऱ्या आतल्या कार्डांना वेगळी फर्मवेअर फाईलही लागत नाही. नंतरच्या ‘एटीएच१०के’वाल्यांना लागते, उबुंटू आणि मिंटमध्ये ती आधीच असते.

मीडियाटेक (१४सी३). एमटी७९२१ ही चिप असेल तर कर्नल ५.१२ किंवा पुढचा हवा.

रिअलटेक (आतलं कार्ड १०ईसी, यूएसबी ०बीडीए). स्वस्त लॅपटॉपमध्ये ही चिप नेहमी भेटते. २०१९ मध्ये कर्नल ५.२ सोबत ‘आरटीडब्ल्यू८८’ हा ड्रायव्हर आला आणि पुढे त्यात एकेक चिपची भर पडत गेली. म्हणजे जुन्या कर्नलवर न चालणारं कार्ड नुसत्या कर्नल अपडेटने चालू शकतं.

आरटीएल८७२३बीई या चिपचा एक वेगळाच त्रास आहे. वाय-फाय लागतं, पण राउटरशेजारी बसलं तरच. काही लॅपटॉपमध्ये दोन अँटेनांच्या जागी एकच जोडलेली असते आणि ड्रायव्हर भलत्याच टोकाला कान लावून बसतो. त्या ड्रायव्हरला ‘एएनटी_एसईएल’ नावाची सेटिंग आहे. तिथे १ किंवा २ देऊन पाहिलं की सिग्नल सुधारतो. इथे कार्ड बदलायची गरज नाही.

ब्रॉडकॉम (१४ई४). नवख्यांना सर्वांत जास्त दमवणारी हीच. या कंपनीने बरीच वर्षं चिपची माहिती खुली केली नाही, म्हणून स्वयंसेवकांनी चिपचं वागणं अभ्यासून ‘बी४३’ ड्रायव्हर लिहिला. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने काही नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. मधल्या काही चिप मात्र आजही कंपनीच्या बंद ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरवरच चालतात. बीसीएम४३१४२ ही त्यातलीच. तिचा आयडी १४ई४, दोन टिंबं, ४३६५.

ड्रायव्हर प्रत्यक्ष बसवणं

टर्मिनलशिवाय होत असेल तर तोच मार्ग धरा. मिंटमध्ये मेनूत ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आहे. उबुंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ शोधा. दोन्ही प्रोग्रॅम मशीन तपासतात आणि वेगळा ड्रायव्हर लागत असेल तर नाव दाखवतात. निवडा, लागू करा, मशीन रीस्टार्ट करा. मिंटमध्ये आणखी सोय आहे: इंटरनेट नसेल तर ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट बसवलं तोच लावायचा, ब्रॉडकॉमसारखे ड्रायव्हर त्यातूनही बसतात. म्हणून तो पेन ड्राइव्ह लगेच पुसू नका.

टर्मिनलमधून करायचं तर आधी यादी ताजी करा: एस यू डी ओ, स्पेस, ए पी टी, स्पेस, यू पी डी ए टी ई. मग: एस यू डी ओ, स्पेस, ए पी टी, स्पेस, आय एन एस टी ए एल एल, स्पेस आणि पुढे पॅकेजचं नाव. उबुंटू-मिंटमध्ये ब्रॉडकॉमच्या बंद ड्रायव्हरचं पॅकेज ‘बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स’. डेबियनमध्ये तेच काम ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ करतं. डेबियनमध्ये इंटेलसाठी ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ आणि रिअलटेकसाठी ‘फर्मवेअर-रिअलटेक’ ही पॅकेजं आहेत. चुकीचं पॅकेज बसलं तर ‘इन्स्टॉल’च्या जागी ‘रिमूव्ह’ लिहून ते काढता येतं.

कर्नल नवा हवा असेल तर मिंटमध्ये अपडेट मॅनेजर उघडा, ‘व्ह्यू’मध्ये ‘लिनक्स कर्नल्स’ आहे. उबुंटूत नेहमीचे अपडेट घ्या, नाहीतर नवी आवृत्ती बसवा. जुना कर्नल लगेच जात नाही. काही बिनसलं तर सुरुवातीच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन तो निवडता येतो.

निळी स्क्रीन आली तर घाबरू नका

बाहेरचा ड्रायव्हर बसवताना कधी कधी एक नवा पासवर्ड ठरवायला सांगतात. याचं कारण ‘सिक्युअर बूट’. मशीन सुरू होताना फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देण्याची ही व्यवस्था. तुमच्या मशीनवर तयार झालेल्या ड्रायव्हरची सही मशीनला ओळखीची नसते, म्हणून तुमची संमती मागतात.

तो पासवर्ड लिहून ठेवा. रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येईल. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडा, ‘कंटिन्यू’ करा, ‘यस’ म्हणा, तोच पासवर्ड द्या आणि रीबूट करा. ही स्क्रीन थोडाच वेळ थांबते. ती चुकली तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही, आणि माणूस तासन् तास भलतीकडेच शोधत राहतो.

नवा अडॅप्टर घेताना

शंभर उपाय करूनही आतलं कार्ड चालेना, तर छोटा यूएसबी अडॅप्टर हा स्वस्त तोडगा आहे. पण खोक्यावरचं नाव फसवं असतं. एकाच नावाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत चिप बदलते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे गाजलेलं उदाहरण: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप, दुसरीपासून रिअलटेकची. तेव्हा दुकानात नाव नव्हे, आतली चिप विचारा. आणि जमलं तर लॅपटॉप घेऊनच जा.

फोनवरून मदत करणाऱ्यांसाठी

खानापूरहून काका फोन करतात, “अरे, नेटच येईना झालंय, दुकानवाला कार्ड बदल म्हणतोय.” अशा वेळी पुतण्याचं पहिलं वाक्य “टर्मिनल उघडा” हे नको. “काका, आधी फोनची केबल लॅपटॉपला लावा, काहीच बदलू नका” हे हवं. इंटरनेट आलं की निम्मी काळजी मिटते.

• एका वेळी एकच कमांड सांगा, ती काय करते हे आधी सांगा.

• स्क्रीनवरचं वाचून दाखवायला लावू नका, फोटो मागवा. एका अक्षराच्या चुकीने चिपचा आयडी बदलतो.

• पासवर्ड त्यांनाच टाकू द्या, तुम्ही विचारू नका.

• काय काय केलं ते त्यांच्याच वहीत, तारखेसह लिहायला सांगा. पुढच्या अडचणीला ती वही कामाला येते.

नेहमीचे प्रश्न

कर्नल अपडेटनंतर चालतं वाय-फाय बंद पडलं. का?
बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार व्हावा लागतो. ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था ते आपोआप करते, पण कधी ते फसतं. जुन्या कर्नलमधून मशीन सुरू करा. वाय-फाय आलं तर कारण हेच.

इंटरनेटवर मिळालेली लांबलचक कमांड चिकटवू का?
समजल्याशिवाय नको. ‘सुडो’ने सुरू होणाऱ्या कमांडला मशीनची सगळी दारं उघडी असतात. लेख किती जुना आहे तेही बघा. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवणारा ‘एनडिसरॅपर’ सुचवणारे लेख जुन्या काळातले; आज त्यांच्या वाटेला जायची गरज सहसा नाही.

हे सगळं टाळता आलं असतं का?
बहुतांशी हो. उबुंटू आणि मिंट पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून पाहता येतं. विंडोज काढण्याआधी त्यात वाय-फाय, आवाज, कॅमेरा तपासा. तिथे वाय-फाय लागलं तर बसवल्यावरही लागण्याची शक्यता मोठी. उबुंटू बसवताना ग्राफिक्स आणि वाय-फायसाठी ‘थर्ड पार्टी सॉफ्टवेअर’ घ्यायचा चौकोन येतो, त्यावर खूण करा.

थोडक्यात

फोनच्या केबलने इंटरनेट आणा. वाय-फायची कळ बंद नाही ना ते तपासा. चिपचा आयडी लिहून घ्या. ड्रायव्हर लागलाय की फक्त फर्मवेअर कमी आहे ते बघा. आधी मिंट-उबुंटूचा स्वतःचा ड्रायव्हर मॅनेजर, मग अधिकृत पॅकेज, मग नवा कर्नल, आणि अगदी शेवटी अडॅप्टर. कार्ड यादीत दिसत असेल, तर त्याला ‘गेलं’ म्हणायची घाई करू नका.